खाऱ्या दलदलीतला कार्बन मोजताना
कार्बनची टक्केवारी प्रयोगशाळा काढून देईल. खरी चूक होते ती चिखलात. मातीचा नमुना घेणारी नळी ठोकून झाली की उपसण्याआधी तिच्या काठापासून आतल्या आणि बाहेरच्या मातीची पातळी मोजा. आतली माती दबून खाली बसलेली असते. हा फरक टिपला नाही तर घनता (दर घनसेंटिमीटरमधल्या कोरड्या मातीचे वजन) फुगते आणि हेक्टरी कार्बनचा आकडाही. नळीतल्या मातीचे ठरावीक घनफळाचे तुकडे कापून 60 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. घाई नको, चिकणमाती पाणी सहज सोडत नाही. शिंपल्यांचा चुरा दिसला (कोकणच्या खाड्यांत तिसऱ्या-कालवांमुळे हमखास) तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने कार्बोनेट काढा, नाहीतर चुन्यातला कार्बनही सेंद्रिय म्हणून मोजला जाईल. हिशेब साधा: घनता 0.6 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, सेंद्रिय कार्बन 3 टक्के, खोली 100 सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरी 180 टन.