वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपचं बायोस

प्रश्न : माझ्याकडे २०१३ सालचा एसर ॲस्पायर आहे. विंडोज १० चे अपडेट बंद झाल्यामुळे त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकायचं ठरवलं. पेन ड्राइव्ह तयार आहे, पण बायोससाठी एफ२ दाबा की बूट मेनूसाठी एफ१२, दर वेळी थेट विंडोजच उघडतं. कीबोर्ड खराब झाला असेल का?

उत्तर : कीबोर्ड बहुधा ठीक आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, म्हणून सुरुवात झटपट होते. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. त्यातच बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) फास्ट बूट चालू असेल, तर बटण दाबायला क्षणभरच मिळतो.

म्हणून बंद न करता ‘रीस्टार्ट’ करा. रीस्टार्टमध्ये ही साठवणूक होत नाही. स्क्रीन काळी झाली की लगेच एफ२ सेकंदाला एकदोनदा टकटक दाबत राहा, लोगो येईपर्यंत थांबू नका. बटण दाबून धरू नका, काही जुनी मशीन्स त्याला अडकलेली की समजून कीबोर्ड एररचा संदेश देतात. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावला असेल तर या कामापुरता काढा आणि लॅपटॉपचाच वापरा.

एवढ्यानेही जमलं नाही तर विंडोजमधून जा : शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज (यूईएफआय म्हणजे बायोसचा नवा अवतार). यात वेळ साधण्याचा प्रश्नच येत नाही. हा शेवटचा पर्याय दिसलाच नाही, तर तुमचं विंडोज बहुधा जुन्या बायोसच्या, म्हणजे लेगसी पद्धतीने टाकलेलं आहे. मग एफ२ हाच मार्ग.

एफ१२ न चालण्याचं कारण वेगळं आहे. एसरच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये एफ१२ बूट मेनू (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडण्याची यादी) कारखान्यातूनच बंद असतो. एफ२ ने आत गेल्यावर ‘मेन’ या पानावर तो ‘एनेबल्ड’ करा आणि एफ१० ने सेव्ह करून बाहेर पडा. आता पेन ड्राइव्ह लावून एफ१२ दाबा.

पुष्कळ जण आधीच सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद करून यूईएफआयचं लेगसी करायला सांगतात. ते करू नका. मिंट यूईएफआयमध्ये चालतं आणि सहसा सिक्युअर बूट चालू असतानाही. लेगसी केलंत तर जीपीटी या नव्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवरचं विंडोज उघडणं बंद होईल. डेटा जात नाही, सेटिंग पूर्ववत केलं की विंडोज परत येतं, पण तोवर माणूस उगीच घाबरतो. सिक्युअर बूट बंद करावंच लागलं आणि तो पर्याय फिकट दिसला, तर एसरमध्ये आधी ‘सिक्युरिटी’त सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो. तो कागदावर लिहा आणि काम झाल्यावर लगेच काढून टाका.

प्रश्न : सेकंडहँड थिंकपॅड घेतला. एफ१ दाबल्यावर पासवर्ड मागतो. आतला सेल (बायोसचं घड्याळ आणि सेटिंग्ज जपणारा) काढून ठेवला तर जाईल का?

उत्तर : नाही जाणार. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड मदरबोर्डवरच्या एका वेगळ्या चिपमध्ये साठतो. तिला सेलची गरज नसते, त्यामुळे सेल महिनाभर बाहेर ठेवलात तरी तो तसाच राहतो. तो विसरला तर लेनोवोचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणं हाच आहे. आधीच्या मालकाचा पत्ता लागत असेल तर विक्रेत्यामार्फत पासवर्ड मिळवा, नाहीतर लॅपटॉप परत करा. जुना थिंकपॅड घेताना पैसे देण्याआधी दुकानातच एफ१ दाबून आत जाऊन पाहायला हवं.

प्रश्न : डेल लॅटिट्यूडची तारीख रोज मागे जायची म्हणून सेल बदलला. आता निळी स्क्रीन येते आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसतं. हार्ड डिस्क गेली का?

उत्तर : डिस्क बहुधा शाबूत आहे. सेल निघाला की बऱ्याचदा बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीला जातात. लॅटिट्यूडच्या पुष्कळ मॉडेल्समध्ये ‘साटा ऑपरेशन’ची (डिस्कशी बोलण्याची पद्धत ठरवणारं सेटिंग) मूळ स्थिती ‘रेड ऑन’ असते. तुमचं विंडोज ‘एएचसीआय’ या दुसऱ्या पद्धतीवर टाकलेलं असेल, तर त्याला डिस्कच सापडत नाही. एफ२, सिस्टिम कॉन्फिगरेशन, साटा ऑपरेशन, एएचसीआय, मग अप्लाय. तिथे आधीच एएचसीआय असेल तर उलट करून पाहा. विंडोज पुन्हा टाकायची घाई अजिबात करू नका, कारण त्यात चालू मशीनमधला डेटा हकनाक जातो.

त्याच फेरीत तारीख आणि वेळही नीट लावा. तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करतो आणि बँकेची साइट उघडत नाही.

सेल बदलायचा राहिलेल्यांसाठी : चार्जर काढा, मुख्य बॅटरीही काढा, मगच मागचं झाकण उघडा. सेल सहसा ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, पण लॅपटॉपमध्ये तो बहुधा दोन वायरी आणि छोट्या पिनसह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला येतो. पिनची दिशा सगळीकडे सारखी नसते, म्हणून जुन्याशी ताडून घ्या. सुट्ट्या सेलवर थेट सोल्डर करू नका, लिथियमचा सेल तापून फुटू शकतो. आणि झाकण उघडण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.