आरोग्य प्रश्नोत्तरे : आजारी किती, आणि कितींपैकी?

साथीच्या आजारांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेतील लहान वर्गांत गोवराची साथ आली. आजारी मुलांची यादी केली, तेव्हा त्यांत लस न घेतलेल्यांपेक्षा लस घेतलेली मुलेच अधिक निघाली. पालकसभेत एका पालकांनी ही यादी वाचून दाखवली आणि लस कुचकामी असल्याचे सांगितले. मला उत्तर सुचले नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : यादी खरी असेल, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. यादीत फक्त आजारी मुले आहेत. जी आजारी पडली नाहीत ती तिच्यात कुठेच नाहीत, आणि साथरोगशास्त्राचे निम्मे काम न आजारलेल्यांची मोजदाद करण्याचेच असते.

समजा, शाळेत २०० मुले आहेत. त्यांपैकी १९० जणांनी लस घेतली आहे आणि १० जणांनी घेतलेली नाही. गोवर इतका संसर्गजन्य आहे की प्रतिकारशक्ती नसलेली मुले रुग्णाच्या निकट सहवासात आली, तर दहापैकी नऊ जणांना त्याची लागण होऊ शकते. म्हणजे लस न घेतलेल्या दहांपैकी ९ आजारी पडतील. लस घेतलेल्यांतही काहींच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते आणि काहींचा दुसरा डोस राहिलेला असतो, म्हणून त्यांच्यापैकी दर दहांत एक, म्हणजे १९ मुले, आजारी पडली असे धरू. आता यादी होईल २८ जणांची आणि तीत दोन तृतीयांशांहून अधिक नावे लस घेतलेल्यांची असतील. पालकांनी वाचून दाखवली ती हीच यादी. मात्र १९० पैकी १९ म्हणजे दहा टक्के आणि १० पैकी ९ म्हणजे नव्वद टक्के. लस न घेतलेल्या मुलाला असलेला धोका या हिशेबात नऊपट ठरतो. उद्या शाळेतील प्रत्येक मुलाचे लसीकरण झाले, तर त्यानंतर जो एखादा रुग्ण सापडेल तो लस घेतलेलाच असेल. त्यावरून लसीबद्दल काहीच सिद्ध होणार नाही.

हे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. आपल्या शाळेचा खरा हिशेब करायचा असेल, तर हजेरीपटावरील प्रत्येक मुलापुढे दोन रकाने आखावेत : लस घेतली की नाही, आणि आजारी पडले की नाही. पहिला रकाना भरताना पालकांच्या ‘सगळ्या लशी झाल्यात’ या उत्तरावर विसंबू नये. माता व बाल संरक्षण कार्ड मागवून गोवर-रुबेला लसीच्या दोन्ही तारखा पाहाव्यात. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. अनेक कार्डांवर पहिली तारीख असते आणि दुसरी जागा कोरी असते. ताप आणि पुरळ म्हणजे गोवरच असेही नाही. रुबेलासारख्या इतर आजारांतही पुरळ येते. त्यामुळे काही रुग्णांचे रक्तनमुने तपासून झाले आहेत ना, याची प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

प्रश्न : कोविडच्या काळात ‘आर’ नावाचा आकडा रोज कानावर पडत असे. गोवरासाठी तो १२ ते १८ असून ९५ टक्के लसीकरण झाल्यास साथ येत नाही, असे वाचले होते. आमच्या तालुक्याचे लसीकरण कागदोपत्री ९५ टक्के असूनही गोवराचे रुग्ण निघाले. मग हा हिशेब फसवा आहे काय?
— एक निवृत्त तलाठी, बीड जिल्हा

उत्तर : हिशेब फसवा नाही, फसवी आहे ती सरासरी. ज्या समाजात कोणालाही प्रतिकारशक्ती नाही, तिथे एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होईल, हे मूळ ‘आर’ सांगतो. तो १५ धरला, तर साथ थांबण्यासाठी त्या पंधरांपैकी चौदा जण आधीच सुरक्षित असायला हवेत, म्हणजे जवळजवळ ९३ टक्के. साखळी पुढे जाण्यासाठी प्रत्येक रुग्णाने किमान एक नवा रुग्ण निर्माण करावा लागतो. तो न झाल्यास साथ विझते. इथे ‘सुरक्षित’ याचा अर्थ प्रत्यक्षात प्रतिकारशक्ती असलेले, केवळ टोचून घेतलेले नव्हेत. म्हणून ९५ टक्के मुलांना एकच डोस मिळाला असेल, तर आपण त्या रेषेच्या खालीच राहतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असेल. उरलेली पाच टक्के मुले तालुकाभर सारखी पसरलेली नसतात. ती ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत, वीटभट्टीवर, एखाद्या वाडीत किंवा दाट वस्तीत एकवटलेली असतात. लसीकरणाच्या सत्राच्या दिवशी कोयत्यावर गेलेले कुटुंब कारखान्याच्या तळावर असते, आणि तिथे मूल कोणाच्या नोंदवहीत धरायचे हे पुष्कळदा ठरलेलेच नसते. तालुका ९५ टक्क्यांवर असताना एका तळावरील निम्मी मुले लसीविना असू शकतात, आणि विषाणूची गाठ तालुक्याच्या टक्केवारीशी पडत नाही, त्या तळावरील मुलांशी पडते. मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराचा जो उद्रेक झाला, तोही अशाच दाट वस्तीत, कोविडच्या काळात लसीकरण मागे पडलेल्या मुलांत पसरला. त्या वेळी नेहमीच्या वेळापत्रकाशिवाय ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना जादा डोस देण्याचा निर्णय घ्यावा लागला.

‘आर’ हा केवळ जंतूचा गुणधर्म मानणेही चूक आहे. लोक किती दाटीने राहतात, किती जणांच्या संपर्कात येतात आणि रुग्ण किती दिवस संसर्ग पसरवतो, यांवरही तो अवलंबून असतो. गोवराचा रुग्ण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवतो आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. त्यामुळे पुरळ दिसल्यावर मुलाला घरी ठेवणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने साथ आवरत नाही. याउलट २००३ मधील सार्स या श्वसनरोगाचा रुग्ण लक्षणे दिसल्यानंतर, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, सर्वाधिक संसर्गजन्य असे, म्हणून रुग्ण शोधून वेगळे ठेवण्याचा उपाय तिथे यशस्वी झाला. आजार कसा पसरतो हे कळण्याआधी केलेल्या सक्तीची किंमत पुण्याने १८९७ मधील प्लेगच्या साथीत मोजली आहे. घरझडत्या झाल्या, माणसे विलगीकरण छावण्यांत नेली गेली. प्रत्यक्षात गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमार्फत पसरत होता आणि फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमों यांनी कराचीत तसे प्रयोगाने दाखवले ते १८९८ मध्ये.

प्रश्न : आमच्या गावात महिन्याभरात काविळीचे बरेच रुग्ण झाले. ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना तपासून घेतला आणि पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखला फलकावर लावला. मग कावीळ आली कुठून?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : दाखला आजच्या पाण्याचा आहे आणि आजार बहुधा कित्येक आठवड्यांपूर्वीच्या पाण्याचा. आपल्याकडे गावभर पसरणाऱ्या काविळीमागे अनेकदा हिपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार असतो. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात फुटलेली जलवाहिनी दुरुस्त झालेली असू शकते. शिवाय पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत जिवाणू शोधतात, हा विषाणू नाही.

अशा वेळी प्रत्येक रुग्णाला लक्षणे कोणत्या तारखेला सुरू झाली ते विचारून तारीखवार आलेख काढतात. रुग्णसंख्या झपाट्याने वाढून काही आठवड्यांत ओसरली, तर पाणी एकदाच दूषित झाले असावे; आलेख उतरूनही पुन्हा पुन्हा चढत असेल, तर गळती अजून चालू असावी असा संशय घ्यावा. मग गावाच्या नकाशावर रुग्णांची घरे, टाक्या, व्हॉल्व्ह आणि गटारातून गेलेल्या नळजोडण्या दाखवतात आणि प्रत्येक टाकीवरील शंभर माणसांमागे किती रुग्ण झाले हे काढतात. ज्या टाकीवर घरेच जास्त, तिथे रुग्ण जास्त दिसणारच. म्हणून नुसते ठिपके पाहून भागत नाही.

लंडनमध्ये १८५४ सालच्या कॉलऱ्याच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पिण्याच्या पाण्याच्या पंपाविषयी जे केले ते याच धर्तीचे होते. त्यांचा नकाशा सर्वांना माहीत असतो, पण मला त्यांनी नोंदवलेले अपवाद अधिक बोलके वाटतात. पंपाच्या परिसरातच असलेल्या अनाथ-निराश्रितांच्या आश्रमात ५३५ जण राहत होते आणि कॉलऱ्याने मेले फक्त ५, कारण आश्रमाची स्वतःची विहीर होती. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा मात्र कॉलऱ्याने वारली. तिला त्या पंपाचे पाणी आवडे, म्हणून ते रोज गाडीतून मागवले जाई. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढण्यात आला, तोवर साथ ओसरू लागली होती, कारण बरेच लोक घरे सोडून गेले होते. स्नो यांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. ओसरत्या साथीचे श्रेय शेवटच्या उपायाला देण्याचा मोह सर्वांनाच होतो, आपल्या गावात ते श्रेय आता त्या दाखल्याला मिळेल.

आपण ग्रामपंचायतीकडे गेल्या तीन महिन्यांची ओटी चाचणीची वही मागावी. या चाचणीत पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात आणि क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळसर होते. जलसुरक्षकाने कोणत्या तारखांना, कोणत्या टोकाच्या नळावर चाचणी केली आणि टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनयुक्त पावडर) कोणत्या आठवड्यात संपली होती, हे त्या वहीतून कळते. टाकीजवळच्या नळावरील नोंदी पुरेशा नाहीत. वाहिनीच्या शेवटच्या घरातील नोंद पाहावी. तोवर पाणी उकळून प्यावे. आणि आशाताईंकडून गावातील गरोदर स्त्रियांची यादी आजच घेऊन त्यांच्या प्रत्येक घरी निरोप पोहोचवावा, कारण शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झालेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. डोळे पिवळे दिसताच अशा स्त्रीला घरगुती उपचारांत किंवा काविळीच्या झाडपाल्यात वेळ न घालवता रुग्णालयात न्यावे.