बोर्डाने तोंडी परत पाठवले, तर तो नकार नव्हे

प्रश्न : माझी धाकटी बहीण 29 वर्षांची, अविवाहित आहे. सात वर्षांपूर्वी तिला ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ (भावना आणि नातेसंबंध सतत अस्थिर ठेवणारा व्यक्तिमत्त्वविकार) असल्याचे निदान झाले. एम.कॉम. आहे, पण कोणतीही नोकरी चार-सहा महिन्यांपलीकडे टिकली नाही. दोनदा रुग्णालयात दाखल करावे लागले. आता बँकेच्या परीक्षा द्यायच्या म्हणते. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयात नेले, तर ‘हा स्वभावाचा प्रश्न आहे, याला टक्केवारी लागत नाही’ असे सांगून परत पाठवले. वडील जिल्हा परिषदेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांच्यामागे तिचे काय होईल? दाखला मिळेल का? मिळाला तर फायदा काय? तिला स्वतःला हा ‘शिक्का’ नको आहे.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्ही बरेच सविस्तर लिहिले आहे, पण त्या दिवशी तुमच्या हातात कोणता कागद पडला ते लिहिलेले नाही. बहुधा ओपीडीच्या केसपेपरशिवाय काहीच नसावा. तसे असेल तर कायद्याच्या लेखी अजून नकारच झालेला नाही आणि जो झाला नाही त्यावर अपीलही करता येत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगत्वाचा दाखला व ओळखपत्र) रीतसर अर्ज भरून त्याचा नोंदणी क्रमांक घेणे. अर्जावर नोंद पडली की रुग्णालयातल्या वैद्यकीय बोर्डाला एक तर दाखला द्यावा लागतो, नाही तर नमुना 8 मध्ये कारणासह लेखी नकार. 2024 च्या नियमदुरुस्तीनंतर यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे.

आता ‘स्वभावा’बद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये मानसिक आजाराची व्याख्या आहे. विचार, मनःस्थिती, आकलन, दिशाभान किंवा स्मृती यांत असा ठळक बिघाड, ज्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तवाचे भान किंवा रोजच्या जगण्याच्या साध्या गरजा भागवण्याची क्षमता गंभीररीत्या खालावते. या व्याख्येत आजारांच्या नावांची यादी नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चे कलम 3 सांगते की मानसिक आजार आहे की नाही हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणासारख्या मान्य निकषांवर ठरवावे. त्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तुमच्या बहिणीचा विकार एफ 60.3 या क्रमांकाखाली आहे. म्हणून डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर निदानाशेजारी हा क्रमांक लिहून घ्या. ‘स्वभाव’ म्हणणाऱ्याला मग त्या क्रमांकाला उत्तर द्यावे लागेल.

बोर्डाची ती समजूत अगदीच हवेतून आलेली नाही. मानसिक दिव्यांगत्व मोजायला ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. ती इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने तयार केली, तेव्हा स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी आणि स्मृतिभ्रंश हे चारच आजार समोर ठेवले होते. ती सवय काही ठिकाणी अजून टिकून आहे. 2016 च्या व्याख्येत मात्र या चार नावांची अट नाही, आणि आपला सगळा युक्तिवाद इथेच उभा राहतो.

पण नुसत्या निदानावर दाखला मिळत नाही, हेही तितकेच खरे. हेच निदान असलेली अनेक माणसे नोकरी-संसार सांभाळतात आणि 40 टक्क्यांच्या जवळपासही जात नाहीत. मोजपट्टीत चार बाबी आहेत : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. प्रत्येकीला 0 ते 4 गुण. आजार किती वर्षांचा यासाठी आणखी 1 ते 4. सहा ते दहा वर्षांच्या आजाराला 3. बेरीज 7 ते 13 आली की दिव्यांगत्व 40 ते 70 टक्क्यांत जाते, आणि 40 टक्के हाच बहुतेक लाभांचा उंबरठा आहे. तुमच्या बहिणीला मुदतीचे 3 गुण जवळपास धरूनच चाला. संबंध आणि काम या दोन्हींत 2-2 पडले तरी 7 होतात. स्वतःची काळजी आणि संवाद यांत तिला काहीच गुण मिळाले नाहीत तरी चालेल. म्हणून ती आंघोळ करते, नीट बोलते, एवढ्यावरून कोणी परत पाठवत असेल तर ही बेरीज कागदावर मांडून दाखवा.

या विकारात माणूस बोर्डासमोर वीस मिनिटे उत्तम बोलतो, नेटका दिसतो. बिघाड दिसतो तो घरात आणि नोकरीच्या चौथ्या महिन्यात. या मोजपट्टीत रुग्णाबरोबर त्याची काळजी घेणाऱ्याकडूनही माहिती घेणे अपेक्षित आहे, तेव्हा तुमचे किंवा आईचे म्हणणे ऐकून घ्या असे अर्जातच लिहा. सोबत दोन पानी निवेदन जोडा. त्यात ‘नोकरी टिकत नाही’ असे मोघम लिहू नका. कोणत्या महिन्यात, कशावरून बिनसले, राजीनामा कसा दिला, त्यानंतर किती दिवस खोलीबाहेर आली नाही, जेवणाचे ताट दाराशी ठेवावे लागले का, असे घडले तसे तारखांसह लिहा. प्रत्येक नोकरीचे नेमणूकपत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटची पगारपावती लावा. मानसोपचारतज्ज्ञांकडून ‘उपचार चालू आहेत’ अशी एका ओळीची चिठ्ठी नको, कार्यक्षमतेवर काय परिणाम झाला याचा अहवाल घ्या. जुने रेकॉर्ड मिळत नसेल तर 2017 च्या कायद्याच्या कलम 25 प्रमाणे स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा तिला हक्क आहे.

दोनदा दाखल केले तेव्हा तिने स्वतःला इजा करून घेतली होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. तसे असेल तर पोलिसांच्या भीतीने घरचे लोक नेमके तेच डिस्चार्ज कार्ड फाइलमधून काढून ठेवतात. काढू नका. त्याच कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालत नाही. मात्र जे घडले नाही ते एक अक्षरही लिहू नका. खोटेपणाने लाभ घेतल्यास 2016 च्या कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

लाभांचे म्हणाल तर संजय गांधी निराधार योजनेची फार आशा धरू नका. दिव्यांगांसाठी तिची उत्पन्नमर्यादा कुटुंबाला वर्षाला 50 हजार रुपये आहे. वडिलांच्या निवृत्तिवेतनापुढे अर्ज तहसील कार्यालयातच पडेल. वडील जुन्या करप्रणालीत असतील तर अवलंबित दिव्यांग मुलीसाठी आयकराच्या कलम 80 डीडीखाली 75 हजारांची वजावट मिळते. ती सरळ आहे.

खरी अडचण कुटुंब निवृत्तिवेतन आणि बँकेतले आरक्षण यांत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 च्या नियम 116 नुसार मानसिक विकारामुळे उपजीविका करू न शकणाऱ्या मुलामुलीला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. तिथे 40 टक्के पुरेसे नाहीत. ‘कमावू शकत नाही’ हे सिद्ध करावे लागते. उलट 2016 च्या कायद्याच्या कलम 34 मधले चार टक्के आरक्षण, ज्यात मानसिक आजाराचाही गट आहे, ते काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. एका कार्यालयात ‘काम करू शकते’ आणि दुसऱ्यात ‘करूच शकत नाही’ असे एकाच वेळी म्हणता येणार नाही. माझे मत विचाराल तर 29 व्या वर्षी तिला परीक्षा देऊ द्या. वडिलांनी शेवटच्या कार्यालयाला मुलीच्या आजाराची नोंद घेण्याबाबत आजच लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. निवृत्तिवेतनाचा दावा वेळ येईल तेव्हा, तेव्हाच्या परिस्थितीवर उभा राहील.

40 टक्के नाही आले तरी सगळे संपत नाही. विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कामात किंवा परीक्षेत वाजवी सोयी मागण्यासाठी 40 टक्क्यांची अट नाही. सरकारी नोकरी लागलीच तर त्याच वर्षीचा रवींद्र कुमार धारीवाल यांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जपून ठेवा. मानसिक आजार हा वर्तनामागचे एक कारण असला, तरी शिस्तभंगाच्या कारवाईत संरक्षण मागता येते, असे त्यात म्हटले आहे.

आता तिच्या नाराजीबद्दल. ती सज्ञान आहे, अर्ज तिचा आहे आणि सहीही तिचीच हवी. कोणीतरी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्व घ्या म्हणून सुचवेल. तो 1999 चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे, तिला लागू नाही, आणि पालकाची तिला गरजही दिसत नाही. आजारपणात तिच्या वतीने बोलणारे कोणी हवे असेल तर 2017 च्या कायद्याप्रमाणे तिने स्वतः नामनिर्देशित प्रतिनिधी नेमावा. तिला हेही सांगा की मानसिक आजाराचे निदान म्हणजे अस्थिर बुद्धीची व्यक्ती ठरणे नव्हे. कलम 3 मध्येच तसे लिहिले आहे. बँक खाते, मतदान, करार, लग्न, यांतले काही या दाखल्याने हिरावले जात नाही. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो हे मात्र खरे. तेव्हा जिथे लाभ घ्यायचा तिथेच ते दाखवा, एरवी ओळख म्हणून आधार पुरे. एवढे ऐकूनही ती नको म्हणाली तर अर्ज भरू नका.

ती तयार झाली आणि नमुना 8 हातात आला, तर त्यावरची तारीख पहा. 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खालचे अपील त्या तारखेपासून 90 दिवसांत दाखल व्हायला हवे. अपिलाबरोबर गुणांची बेरीज, डॉक्टरांचा अहवाल आणि येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात फेरतपासणीची विनंती जोडा. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही वेगळी तक्रार करता येते, पण तिच्या नादात अपिलाचे 90 दिवस उलटू देऊ नका.