लेहच्या मागचा डोंगर नुसता ओसाड नाहीये

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये लेहला चाललोय, फोटोत सगळे डोंगर बोडके दिसतात, दगडमाती सोडून बघायचं काय आणि तिथे लोक जगतात कसे. मी ३ वेळा जाऊन आलोय आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिले दोन दिवस तसंही फिरायचं नाहीये, ३५०० मीटरवर डोकं धरतं, तेव्हा गच्चीत बसून हे बघा. पाठीशी उत्तरेला फिकट करडी रांग दिसते ती लडाख रेंज, खार्दुंगला खिंड हिच्यातच. समोर सिंधूपलीकडे स्तोकची रांग, जांभळट तांबूस, थर अक्षरशः उभे झालेले. मध्ये फक्त सिंधूचं खोरं, पण दोघींचं गोत्र वेगळं.

मागची रांग ग्रॅनाइटची. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता, मधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली घुसत होता, त्यातून खडक वितळून वर चढला आणि जमिनीच्या पोटातच हळूहळू थिजला. बराचसा ५ ते ७ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे इकडे सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा होऊन पसरत होता साधारण तेव्हाचाच! पण सह्याद्रीचा उघड्यावर पटकन थंड झाला म्हणून बारीक कणांचा, आणि इथे दगड हातात घेतलात तर मीठमिरी एकत्र केल्यासारखे पांढरे काळे दाणे सुटे दिसतात. मग दोन्ही भूखंड भिडले, समुद्र संपला, उरलेल्या खोलगट पट्ट्यात नद्यांनी गोटे आणि वाळू भरली आणि ती पुढे चेपून उभी झाली, तीच स्तोकची रांग.

सिंधूकाठच्या मोठ्या धोंड्यांवर काळपट तपकिरी चकाकी असते. वाळवंटात हजारो वर्षांत लोह-मँगनीजचा पातळ थर चढतो त्याची. जुन्या लोकांनी तो दगडाने ठोकून आयबेक्स, म्हणजे डोंगरी बकरे, कोरलेत, आतला फिकट दगड उघडा पडतो म्हणून चित्र अजून स्पष्ट दिसतं. प्लीज त्यावर नावं कोरू नका, मी असे खराब केलेले दगड बघितलेत आणि फार वाईट वाटलं.

आता लोक जगतात कसे. वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर, आपल्या महाबळेश्वरला जुलैत एखाद्या दिवसातच याहून जास्त पडतो. डोंगराचा खरा उपयोग म्हणजे तो पाणी वर गोठवून ठेवतो आणि उन्हाळ्यात थोडं थोडं खाली सोडतो. ओढ्यांनी आणलेला गाळ पायथ्याला पंख्यासारखा पसरतो आणि गावं बहुतेक त्यावरच, लेहसुद्धा. ओढ्यातून पाट काढतात त्याला युरा म्हणतात, रात्रीचं पाणी साठवायचं तळं म्हणजे झिंग, आणि कोणाच्या शेताला कधी पाणी हे ठरवणारा माणूस छुरपोन. मी एका गावात सकाळी आमा-लेंबरोबर (आईच्या वयाच्या बाईला असंच म्हणायचं) शेतावर गेलो होतो, त्यांनी फावड्याने एक गवताचं ढेकूळ आणि चिंध्यांचा बोळा बाजूला केला, पाणी सातूच्या वाफ्यात शिरलं, वाफा भिजल्यावर तोच बोळा परत जागेवर. इतकंच गेट, पण अख्खं गाव त्यावर चालतं.

अडचण पेरणीची. एप्रिल-मेमध्ये पाणी हवं आणि वरचं बर्फ तेव्हा नीट वितळायला लागलेलं नसतं. म्हणून छेवांग नोर्फेल या इंजिनिअरनी हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी गावाजवळ अडवून गोठवायला सुरुवात केली, आणि नंतर सोनम वांगचुक यांनी लेहजवळच्या फ्यांग गावात पाइपने पाणी उडवून बर्फाचे उंच सुळके केले, सुळक्याला ऊन कमी लागतं त्यामुळे तो उशिरापर्यंत टिकतो.

हाच गाळाचा पंखा धोकादायकही आहे. ६ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री ढगफुटी झाली, उघड्या उतारावरचा सगळा राडा लेहवर आला, २०० च्या वर माणसं गेली. त्यामुळे कोरड्या नाल्यात तंबू कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

आणि राहायचं तर गावातल्या होमस्टेला राहा, जिथे पारंपरिक कोरडा संडास आहे, त्याचंच खत शेतात जातं. शहरात बरीच हॉटेलं बोअरने पाणी उपसतात आणि बराचसा मैला त्याच गाळात मुरतो, हे मला खरंच सलतं. बादलीभर पाण्यात आंघोळ होते, जूनमध्ये शेतं हिरवी असतात, पाटाच्या कडेने चालत वर जा आणि पाणी कुठून येतंय ते बघा.