गोवराच्या रक्तचाचणीत काय सापडते : विषाणू की प्रतिपिंड?

प्रश्न असा आहे : गोवराच्या रक्ततपासणीचा अहवाल ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ आला, तर मराठीत ‘रक्तात गोवराचा विषाणू सापडला’ असे लिहिता येईल का? आणि प्रतिपिंड, प्रतिजन, प्रतिजैविक यांपैकी नेमका कोणता शब्द वापरायचा?

‘विषाणू सापडला’ असे लिहू नये. गोवराची नेहमीची रक्तचाचणी म्हणजे एलायझा. ती विषाणू शोधतच नाही, तर विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी शोधते. बऱ्याच किटमध्ये प्लेटच्या खळग्यांना गोवराचा प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ओळखतात तो विषाणूचा भाग (अँटिजेन), आधीच चिकटवलेला असतो. त्यावर रुग्णाचे सीरम, म्हणजे रक्तातला पेशींविना पिवळसर द्रव, घातले की त्यातली आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडे प्रतिजनाला धरून बसतात आणि प्लेट धुतली तरी सुटत नाहीत. मग या आयजीएमला चिकटणारे, एन्झाइम जोडलेले द्रावण घालून पुन्हा धुतात आणि रंग देणारे रसायन घालतात. निळा रंग येतो, आम्लाने क्रिया थांबवली की तो पिवळा होतो आणि यंत्र तो 450 नॅनोमीटरवर मोजते. थोडक्यात, प्रतिजन किटमधला आणि प्रतिपिंड रुग्णातले. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक. ते जिवाणूंवरचे औषध, त्याचा या चाचणीशी संबंध नाही. बातम्यांत ‘प्रतिजैविक चाचणी’ दिसते ती सरळ चूक आहे.

म्हणून ‘गोवराविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे आढळली’ असे लिहावे. ‘आयजीएम’ तसेच ठेवावे, कारण आयजीजीही असते आणि तिचा अर्थ वेगळा. नुसती आयजीजी पूर्वी होऊन गेलेल्या गोवराची, लशीची किंवा तान्ह्या बाळात आईकडून आलेलीही असू शकते. आयजीजीवरून निदान करायचे तर साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन पातळी किमान चौपट वाढली का, ते पाहतात.

‘निगेटिव्ह’साठी ‘गोवर नाही’ असे लिहिणे तर जास्त घातक. पुरळ उठल्यानंतरच्या पहिल्या 72 तासांत दर चार रुग्णांतल्या एखाद्याच्या रक्तात आयजीएम अजून दिसत नाही. चौथ्या दिवसापासून ती बहुतेकांत मिळते आणि साधारण 28 दिवसांपर्यंत टिकते. लवकर घेतलेल्या नमुन्याबद्दल ‘आढळली नाहीत’ एवढेच म्हणावे आणि नमुना पुन्हा मागवावा. इथे दिवस मोजायचे ते पुरळ उठल्यापासून. ताप त्याच्या दोन-चार दिवस आधी आलेला असतो, त्यामुळे फॉर्मवर ‘आजार सुरू झाल्याची तारीख’ एवढेच विचारले तर घोळ होतो.

‘आढळली’ म्हणजे गोवरच, असेही नाही. संधिवाताच्या रुग्णांतला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, पार्व्होव्हायरस किंवा रुबेला यांमुळे खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. एमआर (गोवर-रुबेला) लशीनंतरचे काही आठवडे लशीमुळेही आयजीएम दिसते, म्हणून लशीची तारीख अहवालाच्या शेजारी हवीच. ‘इक्विव्होकल’ला ‘अनिर्णित’ हा शब्द चांगला आहे. ‘संशयास्पद’ नको, त्याने रुग्णावरच शंका घेतल्यासारखे वाटते.

प्रश्नात नसलेला, पण मराठीत खरोखर नुकसान करणारा एक शब्द म्हणजे ‘गोठणे’. आपल्याकडे रक्तही गोठते आणि पाणीही. ‘रक्त गोठल्यावर पाठवा’ अशी सूचना वाचून कोणी नळी फ्रीजरमध्ये ठेवली, तर तांबड्या पेशी फुटतात, सीरम लाल होते आणि नमुना वाया जातो. साध्या नळीत रक्त घ्यायचे, ते अर्धा तास साकळू द्यायचे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे काढायचे. सेंट्रिफ्यूज नसेल तर न फिरवलेले रक्त 4 ते 8 अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त 24 तास चालते. वेगळे काढलेले सीरम मात्र गोठवता येते. तेव्हा सूचनेत ‘रक्त साकळू द्या, गोठवू नका’ असे लिहावे. ‘साकळणे’ जुना, नेमका शब्द आहे आणि इथे त्याला पर्याय नाही.

‘विषाणू सापडला’ हे वाक्य पीसीआरसाठी राखून ठेवावे. त्यात घशाच्या स्वॅबमध्ये विषाणूचा आरएनए थेट शोधतात आणि तो नमुना पुरळ उठल्यावर जितका लवकर घ्यावा तितका चांगला, म्हणजे रक्ताच्या नेमका उलट. पहिल्या तीन दिवसांत आलेल्या रुग्णाचे दोन्ही नमुने घेतात ते यासाठीच.