पैसा चाहत्यांच्या खिशातून जातो, मग हरलेल्या खेळाडूची हुर्यो उडवायचा हक्क त्यांना का नसावा?

प्रश्नाखाली तुम्ही हार्दिक पांड्याचं उदाहरण दिलंय. तिकीट आम्ही काढतो, जाहिराती आम्ही बघतो, म्हणजे पगार आम्हीच देतो, मग मालकाने दोन शब्द सुनावले तर बिघडलं कुठे, असं तुमचं म्हणणं. मी क्रिकेटचा जाणकार नाही. कराडकडच्या एका गावात खताचं दुकान चालवतो आणि गेली नऊ वर्षं गावच्या यात्रा कमिटीचा खजिनदार आहे. कुस्त्यांच्या मैदानाची वर्गणी गोळा करायची, पैलवानांना इनाम वाटायचं आणि वर्षभर हिशेबावरून बोलणी खायची, हे माझं काम. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली तिन्ही मंडळी, म्हणजे चाहता, खेळाडू आणि पैसा, रोजच्या ओळखीतली आहेत.

पाडवा झाला की पावतीपुस्तक घेऊन आम्ही चौघं दारोदार फिरतो. घरटी रक्कम ठरलेली, दुकानदारांची वेगळी, मुंबई-पुण्यात असलेल्यांची त्याहून वेगळी. एखाद्या जोडीचं इनाम कुणी वडिलांच्या स्मरणार्थ उचलतो. मैदानाला तिकीट नाही. दुपारी पोरासोरांच्या कुस्त्या सुरू होतात, पन्नास-शंभर रुपयांच्या. माझ्या लहानपणी त्या रेवड्यांवर व्हायच्या. दिवस कलला की मोठ्या जोडी, आणि शेवटी एक नंबरची, दीड-दोन लाखांची. जिंकलेला पैलवान अंगावरची माती न झाडता मैदानाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात दहा, पन्नास, शंभर कोंबतात. एकदा एका पोराने फेरीचे पैसे मला मोजायला दिले. सगळ्या नोटा ओल्या, लाल, एकमेकींना चिकटलेल्या. चार हजार सहाशे सत्तर भरले. त्यात वीसची एक नोट बारीक घड्या घातलेली होती. ती माझ्या चुलत्याची, हे न सांगता कळलं. तंबाखूच्या चंचीत नोट तो अशीच ठेवतो.

त्या वीस रुपयांत चुलत्याला काय मिळालं? पुढच्या वर्षी तो पैलवान दिसला की “काय पैलवान, गुडघा बरा हाय का?” असं विचारायची सोय. आणि पडला तर “दूध पीत हुतास का ताक?” असं ऐकवायचीसुद्धा. दोन्ही तो हक्काने करतो, आणि पैलवान दोन्ही वेळा खाली वाकून पाया पडतो.

आता हुर्योची गोष्ट. चार वर्षांपूर्वी एक नंबरची जोड लागली. सलामी झडली आणि पुढची पस्तीस मिनिटं नुसती खडाखडी. मानेवर हात टाकायचा, मागे सरायचं, पुन्हा मानेवर हात. हलगीवाल्याचे हात भरून आले. निवेदक आधी दोघांच्या वस्तादांचा इतिहास सांगत होता, मग महाप्रसाद कुठल्या बाजूला आहे ते सांगू लागला. शेवटी लोक ओरडायला लागले, “नुरा हाय, नुरा!” नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. पंचांनी बरोबरीत सोडवली, इनाम निम्मं-निम्मं. मैदानात ढेकळं येऊन पडली. ढेकूळ मारणं वाईटच, पण रागापुरता मी लोकांच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. वर्गणी निकाली कुस्तीची घेतली होती, ती आम्ही दाखवू शकलो नाही.

पण त्याच मैदानात तासभर आधी आमच्याच तालुक्यातला एक पोरगा तीन नंबरला दोन मिनिटांत चितपट झाला होता. त्याचीही हुर्यो उडाली. आदल्या वर्षी जिंकला तेव्हा ह्याच लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, म्हणून जास्तच उडाली. खुराकाला महिन्याला वीस-पंचवीस हजार लागतात. त्याचा बाप ते दोन म्हशींवर आणि सोसायटीच्या कर्जावर भागवतो. पोरगा पडला, कारण समोरचा भारी होता. माझ्या लेखी ह्या दोन हुर्यो एक नव्हेत. पहिलीचे पैसे भरलेले होते. दुसरीचे कुणीच भरले नव्हते, कारण तो पडणार नाही असं आमच्या कुठल्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

आमचा हा भाग खाशाबा जाधवांचा, गोळेश्वर कराडला लागूनच. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला, खाशाबा सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैशाची पुन्हा तीच रड. गावाने आणि दुकानदारांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. मग १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती गोष्ट इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्यानंतरचं मात्र कमी लोक सांगतात. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं घेतली, त्यातून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. मला ह्यात खजिनदार म्हणून एक गोष्ट दिसते. लोकांनी वर्गणी दिली ती पदक आणलेल्या माणसाला नव्हे. लंडनहून सहावा येऊन परतलेल्या माणसाला दिली.

क्रिकेटमध्येही पैसा एकेकाळी असाच डोळ्यांसमोरून जायचा. १९८३ चा वर्ल्ड कप जिंकून टीम आली तेव्हा बोर्डाकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, वीस लाख जमले, प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाले. त्या दिवशी तिकीट काढणाऱ्याला आपला रुपया कुठे चाललाय ते माहीत होतं.

आता आयपीएलचं बघा, इथे तुमचा “पगार आम्ही देतो” हा मुद्दा लंगडा पडतो. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. सामने ४१० धरले होते, म्हणजे एका सामन्याला ११८ कोटींच्या आसपास. वानखेडेत ३३ हजार माणूस बसतो. तिकीट सरासरी दोन हजार धरलं (हा माझा अंदाज, दुकानदाराचा) तरी गल्ला साडेसहा कोटींच्या आसपासच जातो. त्यात हे हक्क विकले गेले जून २०२२ मध्ये, तेव्हा हार्दिक गुजरातचा कप्तान होता आणि नुकतीच ट्रॉफी जिंकून बसला होता. तुम्ही त्याच्यावर चिडायच्या दीड वर्ष आधीच पैशाचं ठरून गेलं होतं. आणि चिडून सामना बघणारा चॅनेलच्या हिशेबात बघणाराच धरतात, त्याला काही निम्मं मोजत नाहीत.

त्याचा गुन्हा तरी काय होता? मुंबईने त्याला गुजरातकडून परत आणलं आणि पाच ट्रॉफ्या जिंकून दिलेल्या रोहितला बाजूला करून कप्तान केलं. हा व्यवहार मालकांचा. ते वरच्या बॉक्समध्ये बसले होते आणि हुर्यो उडाली खाली उभ्या असलेल्याची, आधी अहमदाबादेत, मग हैदराबादेत, मग १ एप्रिल २०२४ ला घरच्या वानखेडेवर. नाणेफेकीला संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्यानंतर तीन महिन्यांनी बार्बाडोसला टी-२० वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर त्यानेच टाकली, पहिल्याच बॉलवर मिलर गेला, आपण सात रन्सनी जिंकलो. ४ जुलैला त्याच वानखेडेवर “हार्दिक, हार्दिक” चाललं होतं. एवढ्यात तो काही वेगळा माणूस झाला नव्हता.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात राज्य सरकारने टीमला ११ कोटी जाहीर केले. हा पैसा मात्र खरोखर तुमचा-माझा, आणि पावती न फाडता घेतलेला. विरोधकांनी थोडं बोलून घेतलं, गॅलरीतून मात्र हूं की चूं नाही.

उलटंही होतं. सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई आणि राजस्थानच्या टीमना दोन वर्षं बाहेर बसावं लागलं. २०१८ ला चेन्नई परत आली, कावेरीच्या आंदोलनामुळे घरचे सामने पुण्याजवळ गहुंजेला हलवले, तर त्यांचे चाहते खास रेल्वेने इथवर आले, शिट्ट्या वाजवत. आमच्या मैदानात लबाडीच्या ज्या वासाने ढेकळं पडली, तोच वास तिथे लोकांनी शिट्ट्यांनी झाकला. म्हणून सांगतो, हुर्यो असो की शिट्ट्या, त्यात पैशाचा हिशेब फार थोडा असतो. तो आपण मागाहून लावतो, स्वतःला बरं वाटावं म्हणून. हक्क सांगायचाच असेल तर जेवढ्याची पावती आहे तेवढ्याचा सांगावा: सामना खरा व्हावा, तिकीट काळ्या बाजारात जाऊ नये, बसायला सावली आणि प्यायला पाणी मिळावं. ह्या गोष्टींवर कुणी ओरडलं तर मी पहिला त्याच्या शेजारी उभा राहीन.

त्या नुरा कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी, मी शटर वर करतोय तोवर, गावातले एक गृहस्थ पावती घेऊन हजर. “माझं पाचशे परत दे.” मी माझ्या गल्ल्यातून दिले, पावतीवर “परत” लिहिलं, सही घेतली. पुढच्या पाडव्यानंतर त्यांच्या दारात गेलो तर मला बघून ते काही न बोलता आत गेले. म्हटलं, आता कुत्रं सोडतात. बाहेर आले ते हजार रुपये घेऊन. पाचशे यंदाचे, पाचशे मागच्या सालचे. वर म्हणाले, “तीन नंबरला ते पडलेलं पोरगं परत घ्या. त्याचा हात मोकळा झाला न्हवता त्या दिवशी.”

घेतलं त्याला. पण दोन सालांच्या पावत्या मी एकाच तारखेला फाडल्या, त्यावरून हिशेबाच्या बैठकीत अजून बोलणी खातोय.