'टाइड ओव्हर' म्हणजे मात करणे नव्हे

'टाइड ओव्हर' या इंग्रजी फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे क्रियापद व अव्यय मिळून होणाऱ्या जोडक्रियापदाचा, नेमका अर्थ काय, आणि 'कंपनीने मंदी टाइड ओव्हर केली' या वाक्याचे मराठी 'कंपनीने मंदीवर मात केली' असे करावे का, अशी पृच्छा आली आहे. तसे करू नये. अर्थविषयक बातम्यांत ही चूक इतकी रुळली आहे की ती वाचताना दर वेळी चीड येते. मात केली म्हणजे शत्रू हरला. टाइड ओव्हर करताना मात्र अडचण जागच्या जागी असते आणि ती सरेपर्यंत आपण कसेबसे तग धरतो. 'धिस मनी विल टाइड मी ओव्हर टिल मंडे' याचा अर्थ एवढ्या पैशांत सोमवारपर्यंत माझे भागेल. येथे कर्ता म्हणजे तात्पुरती मदत, कर्म म्हणजे गरजू व्यक्ती, आणि 'टिल'ने सांगितलेली मुदत हा या प्रयोगाचा प्राण आहे. संकटालाच कर्म करण्याची रचनाही इंग्रजीत जुनी आहे व ती अशुद्ध नाही, परंतु तिथेही अर्थ निभावून नेण्याचाच आहे. भूतकाळ 'टाइडेड ओव्हर' असा होतो. देवनागरीत 'टाय'चे भूतकाळी रूपही 'टाइड' असेच लिहिले जात असल्यामुळे काहींना यात बांधण्याचा संबंध दिसतो. तो मुळीच नाही.

खरी मौज व्युत्पत्तीत आहे. अमेरिकेतील जेम्सटाउन वसाहतीच्या इतिहासात ज्याचे नाव येते, त्या कॅप्टन जॉन स्मिथने १६२७ साली 'अ सी ग्रामर' या नौकानयनाच्या पुस्तकात 'टाइड ओव्हर'ची व्याख्या दिली आहे. भरती असो वा ओहोटी, जो प्रवाह आपल्या दिशेचा असेल त्याच्याबरोबर पुढे जायचे आणि तो उलटला की पुढचा अनुकूल प्रवाह येईपर्यंत नांगर टाकून थांबायचे, असा तिचा आशय आहे. भरतीचे पाणी जहाजाला अडथळ्यावरून अलगद उचलून नेते, अशी कल्पना पुढे करून काही कोश आजच्या अर्थाचा उलगडा करतात, तो मला मान्य नाही. स्मिथच्या व्याख्येतला नांगर त्यांनी सोडून दिला, आणि माझ्या मते आजचा सगळा अर्थ त्या नांगरातच आहे. हातात आलेले थोडे पैसे आपल्याला पुढे नेत नाहीत. ते आपल्याला उलट्या प्रवाहात मागे वाहून जाऊ देत नाहीत, एवढेच त्यांचे काम.

आता खुद्द 'टाइड' हा शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ काळ, प्रहर, पर्व असा होता. काळ या अर्थाचा जर्मन 'त्साइट' हा त्याचा सख्खा भाऊ. समुद्राच्या भरती-ओहोटीचा अर्थ त्याला चौदाव्या शतकाच्या सुमारास चिकटला. म्हणूनच 'टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन' या म्हणीत लाटा शोधणारे भाषांतरकार चुकतात. तिथे 'टाइड' म्हणजेही वेळ, आणि आपल्याकडे 'काळवेळ' हा तसाच जोडशब्द तयार असताना तो कोणी वापरत नाही, याचे वाईट वाटते.

'टाइड' म्हणजे आपली 'तिथी'च, असे ठासून सांगणारे जाणकारही भेटतात. चंद्रामुळे भरती आणि चंद्रावरूनच तिथी, त्यामुळे हा मोह समजण्याजोगा आहे, पण तो ध्वनिनियमांपुढे टिकत नाही. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार संस्कृतातील 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' येतो (द्वि–टू, दश–टेन, दन्त–टूथ), तर 'त'च्या जागी 'थ' येतो (त्रि–थ्री, तृण–थॉर्न). तिथीची इंग्रजी बहीण असती तर तिचा आरंभ 'थ'ने झाला असता. 'टाइड'चे मूळ कापणे किंवा विभागणे या अर्थाच्या धातूत आहे, आणि संस्कृतात त्याचे नाते 'दा' या कापण्याच्या धातूशी, पर्यायाने 'दात्र' म्हणजे विळ्याशी जुळते. काळ म्हणजे कापून वेगळा केलेला तुकडा.

तिथीपेक्षा कितीतरी विलक्षण जोड 'वेळ' या शब्दात आहे, आणि तिच्याकडे कोणी पाहतच नाही. 'वेळ' हा संस्कृत 'वेला'पासून आला. 'वेला' म्हणजे सीमा, समुद्राचा काठ, समुद्राची भरती आणि काळही. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात कालिदासाने दिलीप राजाच्या पृथ्वीला समुद्राच्या वेलेची तटबंदी दिली आहे. तिथे वेला म्हणजे किनारा. 'टाइड' आणि 'वेला' यांचे मूळ एक नाही. तरीही काळ आणि समुद्राचे पाणी हे दोन अर्थ दोन्ही शब्दांत एकत्र नांदले, आणि वेळ पाळून चढणारे-उतरणारे पाणी पाहणाऱ्या माणसाला दोन्हींसाठी एकच शब्द पुरला असावा, असे मला ठामपणे वाटते.

त्यामुळे 'टाइड ओव्हर'ला मराठीत 'वेळ निभावणे' किंवा 'वेळ भागवणे' याहून चांगला प्रतिशब्द शोधण्याचे कारण नाही. 'कर्जाच्या आधारे कंपनीने मंदीची वेळ निभावून नेली' असे लिहावे. 'वेळ मारून नेणे' मात्र येथे चालणार नाही, कारण त्यात थाप मारून किंवा काहीतरी सबब सांगून प्रसंग टाळण्याची छटा आहे.